इटलीत वाळत घातलेला टेबलक्लॉथ

आमच्या घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी मला नाव, गाव, नोकरी, पगार यातलं काहीच विचारलं नाही. दार उघडलं, माझ्या दोन बॅगांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "शर्ट दोरीवर कसा टाकतेस? खांद्याकडून की खालच्या टोकाकडून?"

मी सोलापूरची. आमच्याकडे शर्ट कसाही टाका, टाकून पाठ वळवेपर्यंत वाळलेला असतो. या प्रश्नाचा मी जन्मात विचार केला नव्हता. पण आयर्लंडमध्ये, गॉलवेत दीड महिना खोली शोधून रडकुंडीला आले होते, म्हणून अंदाजानं ठोकून दिलं, "खालच्या टोकाकडून."

"ये आत," बाई म्हणाल्या.

त्या घरात मी तीन वर्षं राहिले. तोंडावर मी त्यांना नावानं हाक मारायचे, तिकडची पद्धतच तशी. पण मनात आणि घरी फोनवर बोलताना त्या कायम 'बाई'च. सत्तरी उलटलेली, उंच, काटक बांधा, आणि पांढऱ्या केसांना लावलेला एक हिरवा चिमटा. तो केसांचा चिमटा नव्हे, कपड्यांचा. स्वेटरच्या दोन्ही खिशांत आणखी पंधरा-वीस. बाई जिना उतरू लागल्या की वरून कुणीतरी सोंगट्या खुळखुळवत येतंय असं वाटायचं.

त्या मला 'पेट' म्हणत. तिकडे लाडानं असं म्हणतात. पहिल्या आठवड्यात आईचा फोन चालू असताना बाई स्वयंपाकघरातून "पेट! पेट!" म्हणून ओरडल्या. आई घाबरून म्हणाली, "अगं, काय पेटलंय? आधी गॅस बंद कर."

बाईंचा दिवस सुरू व्हायचा तो मागच्या अंगणात. झोपायच्या कपड्यांवर गमबूट चढवून त्या बाहेर जायच्या, डोळे मिटून तोंड आकाशाकडे करायच्या आणि मिनिटभरानं आत येऊन निकाल द्यायच्या. निकाल चांगला असला तर म्हणायच्या, "ग्रेट ड्राइंग आज." पण त्यांच्या तोंडी ते 'ड्रॉइंग' असं ऐकू यायचं. पहिल्यांदा मला वाटलं, बाहेर कुणीतरी सुंदर चित्र काढतंय. मी चहाचा कप घेऊन अंगणात जाऊन शोधूनही आले. मग कळलं की चित्रबित्र काही नाही, आज कपडे वाळतील एवढाच अर्थ. गॉलवेत ही बातमी वर्षातून मोजक्या वेळा येते आणि आली की लोक एकमेकांना भिंतीपलीकडून ओरडून सांगतात.

घरात कपडे वाळवायचं मशीन नव्हतं असं नाही. होतं. भाच्यानं आणून दिलं होतं. बाईंनी त्यात बिस्किटांचे डबे ठेवले होते. तिकडे कपाटाला 'प्रेस' म्हणतात. "बिस्किटं खालच्या प्रेसमध्ये आहेत," असं बाई पाहुण्यांना सांगायच्या आणि पाहुणे मशीनचं गोल दार उघडून डबा काढायचे. "कपड्याला गरम डब्यात कोंडून गरागरा फिरवायचं," बाई म्हणायच्या, "त्यानं तुझं काय वाकडं केलंय?"

माणसांची पारखही त्या दोरीवरूनच करत. शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. गोड बोलायचे, माझ्यासाठी कचऱ्याचा डबा रस्त्यावर नेऊन ठेवायचे. बाई मला बजावून सांगायच्या, "त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. शर्ट खांद्याकडून टाकतो."

मी कॅथेटर बनवणाऱ्या कारखान्यात होते. आत जाताना डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरे कपडे चढवायचे, फोन लॉकरात ठेवायचा, एक केस बाहेर दिसता कामा नये. एकदा काम चालू असताना काचेपलीकडे माझे मॅनेजर उभे राहून मला हातानं बोलावू लागले. चेहरा गंभीर. घरून तातडीचा फोन आहे, अशी खूण केली. बाबांचं ब्लडप्रेशर डोळ्यांपुढे आलं. टोपी, झगा, बुटांची आवरणं, सगळं ओरबाडून काढलं आणि धावत रिसेप्शनला जाऊन फोन घेतला.

"पेट," पलीकडून बाई म्हणाल्या, "पाऊस आलाय. पण घाबरू नकोस. तुझी चादर मी आत घेतली."

ती सोलापुरी चादर होती. आईनं बॅगेत कोंबून पाठवलेली, चांगली जाडजूड. मी अजाणतेपणी ती धुतली होती आणि नवव्या दिवशीही ती वाळली नव्हती. बाई तिची खबर दवाखान्यातल्या माणसासारखी द्यायच्या. "रात्र बरी गेली. डावा कोपरा अजून ओला आहे."

मॅनेजरनी विचारलं, "घरी सगळं ठीक?" मी लाजेनं खरं ते सांगितलं. त्यांनी गंभीरपणे मान हलवली. "घेतली ना आत? मग ग्रँड." तिकडे 'ठीक आहे' म्हणायला ग्रँडच म्हणतात. आणि ते निघून गेले.

या सगळ्या वेडाच्या मुळाशी एक टेबलक्लॉथ होता. पांढरा, लिननचा, कडेनं भरतकाम केलेला, बारा माणसांच्या टेबलाचा. बाईंच्या सासूनं लग्नात दिलेला. लग्नानंतरच्या पहिल्या ख्रिसमसला बाईंनी तो धुवून, इस्त्री करून टेबलावर घातला. सगळं घर जेवायला बसलं. सासूनं कडेचा कोपरा उचलला, नाकाशी नेला आणि म्हणाली, "कुबट वास येतोय."

बस, एवढंच. पण त्या दिवसापासून चव्वेचाळीस वर्षं बाई तो टेबलक्लॉथ धूत आणि वाळवत होत्या. दर वेळी वाळत आला की पाऊस, उचलला की कुबट. "सासू वारली," बाई मला सांगत होत्या, "नवरा वारला. वास राहिला."

मी हुंगून पाहिला होता. वास होता.

त्या वर्षी चर्चच्या हॉलचं छप्पर दुरुस्त करायला सोडत काढली होती. दुसरं बक्षीस होतं कपडे वाळत घालायचा तीन मजली, चाकांचा, स्टीलचा स्टँड. बाईंनी तिकिटं घेतली ती त्या स्टँडवर डोळा ठेवून. निघालं पहिलं बक्षीस. दोन माणसांसाठी फ्लोरेन्समध्ये चार दिवस, आणि त्यात एक दिवस गाईडसह बसनं टेकड्यांवरच्या जुन्या गावांची सहल.

बाई भर हॉलमध्ये उभ्या राहून म्हणाल्या, "मला दुसरं द्या."

फादर म्हणाले, असं करता येत नाही. स्टँड गेला शेजारच्या गृहस्थांना. बाईंनी आठवडाभर त्यांच्या खिडकीकडे पाहिलं नाही.

"इटलीत आहे काय?" त्या मला म्हणाल्या. "चर्चेस. ती इथे काय कमी आहेत?" परदेशी त्या आयुष्यात एकदाच गेल्या होत्या, फ्रान्सला तीर्थयात्रेला, आणि येताना चिमटे घेऊन आल्या होत्या. मला मात्र इटली पाहायची होती, आणि दुसरं तिकीट मला मिळण्याची थोडी आशा होती. म्हणून मी एक युक्ती केली. फोनवर तिकडचं हवामान काढलं आणि चहाच्या कपाशेजारी ठेवलं. मे महिना, सत्तावीस अंश, कोरडं, मंद वारा.

बाईंनी चष्मा लावला. बराच वेळ पाहिलं. "हे असं... रोज असतं?"

"बहुतेक."

"पासपोर्ट कुठल्या प्रेसमध्ये ठेवलाय बघते," बाई म्हणाल्या.

मला व्हिसा काढावा लागला. फॉर्मवर प्रवासाचं कारण लिहायचं होतं. बाई खांद्यावरून डोकावून म्हणाल्या, "ड्राइंग लिही." मी पर्यटन लिहिलं. नेमका परतीच्या तारखेपर्यंतचाच व्हिसा मिळाला.

डब्लिनच्या विमानतळावर बाईंची बॅग काट्यावर ठेवली आणि काट्यानं नको तो आकडा दाखवला. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एवढं जड आहे काय आत?"

"टेबलक्लॉथ."

"टेबलक्लॉथ एवढा जड?"

"ओला आहे."

मी डोळे मिटले. कोरडा नेऊन तिकडे भिजवायचा तर तिकडचं पाणी कसं असेल कोण जाणे, म्हणून बाईंनी तो घरीच धुवून, पिळून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आणला होता. मला वाटलं आता इथेच आमची इटली संपली. पण ती मुलगी बाईंकडे पाहून हळहळली. "खरंय, इथे कुठला वाळतोय," म्हणाली आणि बॅगेला चिठ्ठी लावून टाकली.

फ्लोरेन्सचं हॉटेल चांगलं होतं, पण आमच्या खोलीची खिडकी एका अंधाऱ्या बोळात उघडायची आणि खिडकीत कपडे टाकू नयेत अशी पाटी होती. पाटी असली की बाई पाळायच्या. दोन दिवस टेबलक्लॉथ बाथरूममध्ये लटकत राहिला आणि वास वाढला. मी चित्रं पाहिली, पूल पाहिले, बाई सोबत आल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी सहलीच्या बसमध्ये चढताना त्यांच्या खांद्याला बाजाराची मोठी पिशवी होती. मी विचारलं नाही. मला माहीत होतं.

आमचा गाईड तरुण होता, बारीक, दाढीवाला, इतिहास शिकलेला. हातात काठीला लावलेलं प्लॅस्टिकचं सूर्यफूल, ते पाहून आम्ही अठ्ठावीस जणांनी मागं जायचं. बोलताना तो छातीवर हात ठेवायचा आणि चौदाव्या शतकाबद्दल असं बोलायचा की जणू त्याच्या घरातलंच कुणीतरी तेव्हा गेलं.

पहिलं गाव म्हणजे टेकडीच्या माथ्यावर गोल तटबंदी आणि तिच्या आत मूठभर घरं. बाबांनी लहानपणी आम्हांला इतके गड चढायला लावलेत की तट, बुरूज, दिंडी दरवाजा पाहिला की माझे गुडघे आपोआप दुखायला लागतात. इथे मात्र वरपर्यंत बस येत होती. गाईडनं छातीवर हात ठेवला. "याच भिंतीवर उभे राहून धनुर्धारी..."

"भिंतीच्या आत वारा येतो का?" बाईंनी विचारलं.

"माफ करा?"

"एवढी उंच भिंत. आत वारा येतो की अडतो?"

गाईड म्हणाला, याबद्दल त्याच्याकडे माहिती नाही. मग बाईंची नजर वर गेली. दोन घरांच्या खिडक्यांमध्ये दोरी होती, दोन्ही टोकांना चाकं, आणि एक बाई खिडकीत उभी राहून दोरी ओढत होती. कपडे एकेक करत तिच्याकडे चालत येत होते. "पेट," बाईंनी माझं मनगट धरलं, "जागेवरून हलावं लागत नाही. कपडे स्वतः घरी येतात." त्यांचे डोळे भरून आले होते. त्या गावातला एकच फोटो त्यांनी काढला, कुणाच्या तरी पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्याचा.

दुसरं गाव सान जिमिन्यानो. तिथे उंच उंच चौकोनी मनोरे आहेत, एकाशेजारी एक. गाईड म्हणाला, इथल्या श्रीमंत घराण्यांनी एकमेकांवर कुरघोडी करायला हे बांधले. एवढे उंच नक्की कशासाठी, यावर विद्वानांचे वाद आहेत.

"वाद कसले?" बाई म्हणाल्या. "वाळत घालायला."

लोक हसले. गाईडही हसला, पण थोडं कसनुसं. आमच्यात वॉटरफोर्डचे एक निवृत्त मास्तर होते, त्यांनी विचारलं, "खरं का हो?"

गाईड प्रामाणिक होता, हीच त्याची अडचण झाली. तो म्हणाला, "म्हणजे... असंही काही लोक मानतात. इथे केशरानं रंगवलेल्या कापडाचा व्यापार होता. कापडं लांबच लांब, खाली गल्ल्यांत धूळ आणि जागा नाही. मग मनोऱ्यांमध्ये टांगून..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. सगळे बाईंकडे पाहत होते. त्यानंतर गाईडनं एक वाक्य संपवलं की सत्तावीस माना बाईंकडे वळायच्या, हे खरं आहे का म्हणून. बाई कधी मान हलवायच्या, कधी नाही. गाईडचं सूर्यफूल हळूहळू खाली झुकत गेलं.

तिसऱ्या गावाचं नाव सांगत नाही. लहान गाव आहे, उगाच त्रास नको. गाईडनं वेशीपाशी सांगितलं, "पन्नास मिनिटं मोकळा वेळ. पावणेपाचला बस सुटेल. ड्रायव्हर कुणासाठी थांबत नाही." मी आइस्क्रीम घ्यायला वळले. दोन कप घेऊन परत वळले तर बाई नाहीत.

सगळ्या गल्ल्या चढावाच्या. मी दोन्ही हातांत वितळणारं आइस्क्रीम घेऊन धावत होते. तिसऱ्या गल्लीत आरडाओरडा ऐकू आला आणि मी समजले.

गल्लीच्या वरच्या टोकाला, भर उन्हात, खाली हाताला येईल अशी एक दोरी बांधली होती. त्यावरचे कुणाचे तरी बनियन आणि मोजे एका बाजूला सरकवून बाईंनी आपला बारा माणसांचा टेबलक्लॉथ पसरला होता आणि शांतपणे शेवटचा चिमटा लावत होत्या. वरच्या खिडकीतून एक इटालियन आजी हातात पळी घेऊन ओरडत होत्या.

"फक्त अर्धा तास!" बाई खालून इंग्रजीत ओरडल्या.

आजी खिडकीतून गायब झाल्या. जिन्यावर सपातांचा आवाज आला. दार उघडलं आणि ठेंगण्या, गोल, काळ्या झग्यावर फुलाफुलांचा एप्रन घातलेल्या आजी बाईंच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता पळी बसणार. आजींनी आधी आपल्या सरकवलेल्या बनियनांकडे पाहिलं. मग टेबलक्लॉथकडे. भरतकामावरून बोट फिरवलं. मग कोपरा उचलून नाकाशी नेला आणि एक शब्द बोलल्या. शब्द मला कळला नाही. सूर कळला.

बाई लालबुंद झाल्या. आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. गॉलवेच्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत. बोटातली अंगठी दाखवली, म्हणजे लग्न. पाठीत वाकून, नाक वर करून हुंगून दाखवलं, म्हणजे सासू. मग हातांची बोटं चारदा उघडमीट केली आणि वर आणखी चार, म्हणजे चव्वेचाळीस वर्षं.

आजींनी पळी खाली घेतली. "आ," त्या म्हणाल्या. "सुओचेरा." आणि स्वतःच्या कपाळावर हात मारला. मग त्यांनीही वाकून, नाक वर करून कुणाची तरी नक्कल केली आणि त्या दोघी एकमेकींचे दंड धरून हसत सुटल्या. तो शब्द मी नंतर गाईडला विचारला. सासू.

पण टेबलक्लॉथ टाकायच्या पद्धतीवरून मात्र भांडण झालंच. बाईंनी कोपऱ्यांना चिमटे लावले होते. आजींनी "नो, नो, नो" करत सगळे काढले आणि कड दोरीवरून हातभर दुमडली. बाईंनी ती परत सरळ केली. आजींनी परत दुमडली. शेवटी आजींनी बोट वर केलं. वर, पहिल्या मजल्यावर, चाकांची दोरी होती. बाईंनी हातातली कड सोडून दिली. आजी त्यांना हाताला धरून वर घेऊन गेल्या, आणि थोड्या वेळानं खिडकीतून बाईंनी स्वतःच्या हातानं दोरी ओढली. टेबलक्लॉथ कुचूकुचू करत गल्लीच्या मधोमध गेला आणि वाऱ्यानं फुगला.

साडेचार वाजले होते.

"चला आता," मी खालून म्हटलं.

"वाळायचाय."

"बस जाईल! सकाळचं विमान आहे. माझा व्हिसा उद्या संपतो."

"मग तू जा."

"तुम्हांला इथं एकटं टाकून कशी जाऊ?"

बाई खिडकीत कोपर टेकून माझ्याकडे पाहत होत्या. "पेट," त्या म्हणाल्या, "आयुष्यभर मी तो अर्धवट वाळलेला उचललाय. पाऊस आला, उचल. पाहुणे आले, उचल. सासू आली, उचल. आज नाही उचलणार."

मी गाईडला फोन केला. तो धावत आला, त्याच्या मागून सूर्यफुलाच्या सवयीनं सव्वीसच्या सव्वीस माणसं आली. गाईडनं बाईंना विनवलं, नियम सांगितले, छातीवर हात ठेवला. बाई दोरीवरून नजर काढेनात. पाच वाजायला आले तेव्हा खालून हॉर्न वाजला. मग आणखी जोरात. मग हॉर्न थांबला आणि चढावरून स्वतः ड्रायव्हर आला. दरवाज्याएवढा माणूस. गल्लीतली माणसं बाजूला झाली.

त्यानं वर पाहिलं. हातानंच खूण केली, इकडे आणा. बाईंनी घाबरत दोरी ओढून टेबलक्लॉथ खिडकीशी आणला आणि त्याची खालची कड त्याच्या हाताला लागेल इतकी खाली सोडली. ड्रायव्हरनं ती अंगठा आणि दोन बोटांत धरून चुरली. डोळे मिटले. "वेंती मिनुती," म्हणाला आणि पायरीवर बसून घेतलं.

वीस मिनिटं. गाईडनं तोंड उघडलं. ड्रायव्हरनं त्याच्याकडे पाहिलं. गाईडही बसला.

दारात एवढी माणसं ताटकळत बसलेली आजींना कशी पाहवणार? त्यांनी दोघांकडून स्वयंपाकघरातलं टेबल उचलवून गल्लीत आणवलं. ब्रेड आला, टोमॅटो आले, ऑलिव्ह, एक चीजचा गोळा, लाल वाइनची मोठी बाटली. वॉटरफोर्डच्या मास्तरांनी ब्रेड कापायला घेतला. गाईडनं पहिल्यांदाच चौदावं शतक सोडून दुसरं काहीतरी सांगितलं. तो आईकडेच राहतो आणि त्यानं आजवर एकही शर्ट स्वतः धुतलेला नाही. बाईंनी वरूनच त्याच्या कॉलरकडे पाहिलं. "दिसतंच आहे," म्हणाल्या.

वीस मिनिटांनी टेबलक्लॉथ उतरला. पापडासारखा खडखडीत. बाई तो घेऊन खाली आल्या, तोंड त्यात खुपसलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही," बाई म्हणाल्या. "कसलाच वास नाही."

मग तो सगळ्यांना हुंगावा लागला. आरतीचं तबक फिरावं तसा टेबलक्लॉथ गल्लीभर फिरला. ज्यानं त्यानं मान झुकवून हुंगलं आणि पुढे दिला. ड्रायव्हरनं दोनदा हुंगला. शेवटी तो आजींच्या हातात आला, आणि आजींनी, टेबल उघडं कशाला म्हणून, ब्रेडबिड उचलून तो झटक्यात टेबलावर पसरला आणि वर बाटली ठेवली.

गाईड भारावून उभा राहिला. त्याला चार शब्द बोलायचे होते. त्यानं छातीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं सूर्यफूल उंच केलं. काठी बाटलीला लागली.

लाल वाइन बारा माणसांच्या टेबलक्लॉथवर आरामात पसरत गेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. गाईडच्या चेहऱ्यावर रक्त नव्हतं. सगळे बाईंकडे पाहत होते.

बाई डागाकडे पाहत होत्या. मग त्यांनी आजींकडे पाहिलं. आजींनी वेळ घालवला नव्हता, मूठभर मीठ आणून डागावर ओतलं होतं आणि टेबलक्लॉथ गोळा करून काखेत मारला होता. बाईंनी हात पुढे केला. आजींनी मान हलवली. नाही. मग त्यांनी हातांनी दाखवलं: मी धुणार. वर वाळवणार. आणि बोटानं बाईंच्या छातीवर टोकून, मग जमिनीकडे दाखवून: तू यायचं. घेऊन जायचं.

मला वाटलं, आता नव्यानं भांडण. बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला.

"ग्रँड," बाई म्हणाल्या.

परतीच्या बसमध्ये गाईड माइकवर एक अक्षर बोलला नाही. मी बाईंना म्हटलं, "फार वाईट झालं हो." त्या खिडकीबाहेर पाहत होत्या. रिकामी पिशवी मांडीवर घडी करून ठेवली होती.

"मीठ लावलं तिनं. पाहिलंस?" त्या म्हणाल्या. "मीही मीठच लावते."

पुढच्या वर्षी लग्न होऊन मी आयर्लंडमधल्याच पोर्टलीशला राहायला आले. त्याच मे महिन्यात बाई एकट्या इटलीला गेल्या. विमान, मग रेल्वे, मग दिवसातून दोनदा सुटणारी गावची बस. टेबलक्लॉथ आणायला. त्या परत आल्यावर मी फोन केला, "आणलात?" तर म्हणाल्या, नाही. आजींनी जेवायला तोच घातला आणि आजींच्या हातून टोमॅटोचा रस्सा सांडला. धुवायला ठेवावा लागला. त्याच्या पुढच्या मेमध्ये कॉफी सांडली, तीही आजींच्याच हातून. आजींचे हात थरथरतात, बाई म्हणाल्या, काय करणार, वय झालं. मग पुन्हा जायला हवं. नाइलाज आहे.

आजवर पाच वेळा गेल्या. परवाच्या मेमध्ये तर पंधरा दिवस राहिल्या. त्या परत आल्या आल्या मी फोन केला.

"आणलात का?"

"नाही गं, पेट. या वेळी पास्त्याचा सॉस सांडला."

"परत आजींच्या हातून?"



"या वेळी माझ्या हातून," बाई म्हणाल्या.

"चुकून?"

"अगं, मोठं पातेलं होतं," बाई म्हणाल्या. "दोन्ही हातांनी उचलावं लागलं."